खांदेरीचा वळसा

लाट आली, शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरला आणि हेमलताबाई बोटीतून थेट समुद्रात पडल्या. लाइफ जॅकेट होतं म्हणून फक्त नाकातोंडात पाणी जाण्यावर भागलं. क्लबच्या वार्षिक शर्यतीत त्यांचं काम एकच असे : नवरा सांगेल त्या कडेला जाऊन वजन म्हणून बसायचं. घरीही फार वेगळं नव्हतं.

खांदेरीच्या दीपगृहाला वळसा घालून त्यांचे यजमान कमोडोर धुरंधर पहिले चालले होते. आता ते कसले मागे फिरतात! मागे एकदा लोणावळ्याला चहाच्या टपरीवर बायको राहिली, हे त्यांना पनवेलला कळलं होतं.

पण बोट वळली. मागची बोट पुढे निघून गेली, तरी धुरंधरांनी बायकोला हात देऊन वर ओढलं. हेमलताबाईंना अगदी भरून आलं.

“अहो, माझ्यासाठी पहिला नंबर सोडलात?”

“सोडतोय कसला! निघालेली सगळी माणसं बोटीत नसली तर बोट बाद करतात. नियम आहे. चल, डावीकडे सरक.”

त्या मुकाट्याने सरकल्या. पुढच्या बोटीचं शीड दोरांत गुंतलं आणि धुरंधर पुन्हा पहिले झाले. समोर शेवटची रेषा, पंचांची बोट, फोटोग्राफर. धुरंधरांनी टोपी सारखी केली.

हेमलताबाईंनी जॅकेटचे पट्टे आवळले, पदर नसल्याची खात्री असूनही सवयीने खांदा चाचपला आणि शांतपणे पाण्यात उतरल्या.

“अगं, रेषा ओलांडेपर्यंत तरी थांबायचंस!” धुरंधर ओरडले.