उत्तर तासाभरात पाठवा

हापशावरून आणलेल्या दोन कळश्या प्रसूतिकक्षाच्या दारात टेकवून कुंदा सिस्टरनं फोन घेतला. तालुक्याचे आरोग्य अधिकारी घाईत होते. “सिस्टर, विधानसभेतला प्रश्न आहे. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून माझ्याकडे आलाय. उपकेंद्र तुमचं, उत्तर तुम्हीच लिहा. तासाभरात पाठवा.”

तिनं मोबाइलवर कागद उघडला. ‘उपकेंद्रात दोन वर्षांपासून पाणी नाही, हे खरे आहे काय?’ फिरून फिरून भोपळे चौक! गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवात आमदारांना गाठून तिनंच हे त्यांच्या कानावर घातलं होतं.

आत पहिलटकरीण विव्हळत होती. सिस्टरनं ‘खरे आहे’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. ‘असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली?’

तिनं दुखरी कंबर चोळली, कळश्यांकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘आमदारांना सांगितले.’