पहिल्या दिवसापासून

नागपुरात मार्थाबाईंच्या घरी स्टोव्ह पेटवताना प्रार्थना, कणीक मळताना प्रार्थना, आणि प्रत्येक प्रार्थनेत सुनेला टोमणा. "हे प्रभू, जिले कन्हानच्या माहेरानं मीठ टाकाले शिकवलं नाही, तिले क्षमा कर." म्हातारीनं देवाला पार निरोप्या करून टाकला होता. प्रार्थना मध्येच तोडणं म्हणजे पाप, म्हणून एस्तेर डोळे मिटून 'आमेन' म्हणायची आणि मनातल्या मनात थुंकायची.

एका सकाळी न्हाणीत धपकन आवाज झाला. "एस्तेर, धाव वं! पाय मुरगळला माहा, उचल मले!"

एस्तेर आली. दारातच थांबून तिनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले.

 

"हे प्रभू," तिनं निवांत सुरुवात केली, "पहिल्या दिवशी तू उजेड केला. दुसऱ्या दिवशी आभाळ..."