बोंबलांखालची सायकल

मढच्या किनाऱ्यावर सरूबाई कोळिणीच्या अंगणात बोंबील वाळत घातलेल्या दोरीला टेकू म्हणून सायकलची एक जुनी फ्रेम उभी होती. तिच्या मधोमध बिजागऱ्या पाहून जुन्या सायकलींचा वेडा मार्तंड जागच्या जागी थिजला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांची घडीची सायकल!

"सरूबाई, अहो, हे रत्न आहे! सीटखाली कारखान्याचा नंबर सापडला, की शिक्कामोर्तब."

"आधी चालवून दाखव रे," सरूबाई हसल्या.

तो तिथेच अंगणात बसून सीटखालचा रंग पॉलिशपेपरने घासू लागला. पिवळा निघाला, त्याखालून लाल.

"होडी रंगवून उरलेला रंग दर नारळी पुनवेला तिलाच फासतो आम्ही," सरूबाई सांगू लागल्या. "पिवळा थोरल्याच्या होडीचा, लाल धाकट्याच्या."

लालखालून निळा डोकावला. सरूबाईंनी पटकन त्यावर तळवा ठेवला.

"हा ह्यांच्या होडीचा. ती होडी परत आलीच नाही. तिचं एवढंच उरलंय."

मार्तंडने पॉलिशपेपर खाली ठेवला.

त्याने फ्रेमला चाकं, साखळी जोडली आणि पुढच्या नारळी पुनवेला सायकल धावली. आता अंधेरीहून शौकीन येतात, वाकवाकून बघतात, विचारतात, "अस्सल कशावरून?"

मार्तंड तो निळा ठिपका दाखवतो. नंबर अजून त्याच्याखालीच आहे.