अकरावी नोंद

"मागच्या सीटला हात लावू नका," मंजुश्री म्हणाली, आणि गीताबाईंचा ओला फडका हवेतच थांबला.

"काऊन बाई? धूळ हाय न लय."

"असू दे. संग्रहालयात वस्तू आहे तशीच न्यायची असते. धुवायची नाही, रंगवायची नाही."

गीताबाईंनी फडका पिळला, पण चेहऱ्यावर पटल्याचं दिसेना. वरवट बकाल ते शेगाव या रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याने, उकंडरावांनी, तीस वर्षं ही काळी-पिवळी जीप चालवली होती. ते गेल्यापासून चार वर्षं ती गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होती. उंदरांनी सीटचं रेग्झिन कुरतडलं होतं, कोंबड्या बोनेटवर बसत होत्या.

शेगावात उभ्या राहणाऱ्या वाहन संग्रहालयाचं काम मंजुश्रीकडे होतं. वय अठ्ठेचाळीस. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती या कामावर आली, याचं विश्वस्तांना अजून नवल वाटे. त्यांच्या यादीत बैलांची दमणी होती, टांगा होता, जुनी सायकलरिक्षा होती. ही जीप नव्हती. ती मंजुश्रीने घातली. "असल्या जिपा गल्लोगल्ली पडल्या आहेत," विश्वस्त म्हणाले, तेव्हा ती एवढंच बोलली, "हिच्यात माणसं जन्मली आहेत."

ते खरंच होतं. शेगावचा दवाखाना गाठायच्या आत कितीतरी बाया या मागच्या सीटवर मोकळ्या झाल्या होत्या. त्या लेकरांची नावं जीपशेजारी फलकावर लागायची होती. उद्घाटन आठ दिवसांवर होतं, आणि मंजुश्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने जीपला चार चकरा मारल्या. वही उघडली, मिटली. मोजमाप घ्यायला मात्र तिने तिची मदतनीस राखी हिलाच मागे चढवलं. आपण खालीच उभी राहिली.

"दहा नावं झाली," ती गीताबाईंना म्हणाली. "गावात सगळे अकरा म्हणतात."

"दहाच हायेत."

"उकंडराव स्वतः अकरा सांगायचे म्हणे."

गीताबाईंनी अंगणात पाहिलं. त्यांचा एकुलता एक मुलगा गोपाल तिथे नवी बॅटरी जोडत होता. गावात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जीप ट्रकवर टाकून न्यायला त्याने साफ ना म्हटलं होतं. बाबाची गाडी आहे, मी चालवत नेईन, म्हणाला होता.

"गोपाल, डिझेल घेऊन ये बापू," गीताबाईंनी हाक दिली. "या पोरीलेही संगं ने. तिले चहा पाज."

फटफटीचा आवाज वळणापलीकडे विरला, तशा गीताबाई जोत्यावर टेकल्या.

"सांगतो तुमाले. पण लिवू नका. एक पोरगी बसली होती इथून. एकटीच. वीस-बावीसची असंन. वाटेतच बायतीन झाली. हे म्हणे, दवाखान्यात चाल. थे म्हणे, टेसनवर माह्ये मानसं हायेत, तठी ने. यायनं टेसनावर गाडी लावली, चहा आनाले गेले. येऊन पायतात तं सीटवर लेकरू. ओढनीत गुंडायलेलं. पोरगी नाही."

मंजुश्रीच्या हातात पेन्सिल तशीच होती. तिने काही लिहिलं नाही.

"मंग?"

"मंग काय? हे घरी घेऊन आले. आमाले लेकरू नव्हतं." गीताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "त्याले मालूम नाही बाई. तुमी फलकावर लिवसान, लोकं इचारतीन, कोन थो अकरावा? माह्यं लेकरू मले परकं नका करू."

मंजुश्री उठली. गोठ्यापर्यंत गेली, परत आली. मग वहीतला अकरा हा आकडा तिने रबराने खोडला. कागद फाटेल इतका जोर लावून.

"दहाच," ती म्हणाली.

दुपारी जीप निघाली. राखी संग्रहालयाच्या गाडीने पुढे गेली. मंजुश्री गोपालशेजारी बसली. गीताबाईंनी जीपला हळद-कुंकू लावलं, ते मात्र तिने पुसायला सांगितलं नाही.

गोपालने जीप शेगावच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना कपाशी मागे पळत होती. मंजुश्री खिडकीची कडी लावत होती, काढत होती.

"मायनं सांगतलं असंन न तुमाले," तो अचानक म्हणाला. "मले डिझेल आनाले धाडलं, तवाच समजलो मी."

कडीवरचा तिचा हात थांबला.

"मले मालूम हाय मॅडम. बाबानं जातानी सांगतलं. मायले नाही बोललो, थे खचून जाईन." त्याने गिअर बदलला. "तुमी अकरावं लिवा. नाव नका टाकू. नुसतं लिवा, एक पोरगा, चांगला हाय."

"कशासाठी?"

"तुमच्या संग्रहालयात हजार लोकं येतीन. त्यातनी थे बाई आली तं तिले समजलं पायजे. जिंदगीभर घोर नको तिच्या जिवाले."

"राग नाही येत तिचा?"

"यायचा. मंग माही पोरगी झाली. तिच्या मायचे हाल पायले दवाखान्यात, दहा बाया संगं असून. थे तं एकटीच होती."

मंजुश्रीने तोंड बाहेर वळवलं. शेगाव लागेपर्यंत ती तशीच बसली होती.

गोपालने जीप हळू केली. "मॅडम, टेसन आलं. तुमाले घरी जाचं असंन तं इथूनच ऑटो भेटते. गाडी मी पोचवतो संग्रहालयात. उतरता काय?"

मंजुश्रीने दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नाही बापू," ती म्हणाली. "एक खेप उतरली होती मी अठी."