पुळण निवड उपसमिती

"समुद्राची निवड ही घाईने करायची गोष्ट नव्हे," ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष रांगणेकर म्हणाले आणि उडालेल्या टोपीमागे धावले.

ते परतल्यावर सभा पुढे सुरू झाली. आमची सहल उतरली होती त्या ग्रीसच्या बेटावर यादीप्रमाणे पुळणी तेरा आणि आमच्याकडे मोकळे तास दोन. एकीवर सावली नव्हती, दुसरीवर माणसं कपड्यांशिवाय फिरत होती. दुसरीची आधी पाहणी व्हावी, अशी सूचना काळे यांनी मांडली. चौघांनी अनुमोदन दिलं.

"मला फक्त पाय भिजवायचेत," आठल्येबाई म्हणाल्या. गुडघे बदलल्यापासून त्यांचा हा एकच हट्ट होता.

"ते आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, बाई," रांगणेकर म्हणाले.

उपसमिती नेमली, तिच्यात महिला नाहीत म्हणून पुन्हा नेमली. बस यायला दहा मिनिटं उरली, तेव्हा आठल्येबाई काठी टेकत उठल्या. सभा वाळूवरच भरली होती. समोर वीस पावलांवर समुद्र होता. यादीत नाव नसल्यामुळे त्याचा कोणी विचार केला नव्हता. काठावर चपला काढून त्या घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महोदय," त्या मागे न बघता म्हणाल्या, "लाट येतेय. माझ्या चपला तेवढ्या मागे सरकवा."