साधना मॅडमचा झोका

तिसरी चाचणी

"लटका," साधना म्हणाली.

खिडकीच्या गजांना चादर बांधली होती. नवी, पांढरी, घट्ट विणीची. तिचं खालचं टोक भुजंगच्या हातात होतं. भुजंग जेलचा शिपाई. उंच, अंगानं भरलेला. वजनाला अगदी बरोबर.

तो लटकला नाही.

त्याआधी

पहिली चाचणी पाण्याची. चादर आटली नाही. पास.

दुसरी चाचणी ओढण्याची. एका टोकाला राधेश्याम शेठ, दुसऱ्या टोकाला त्यांचा हमाल रखमाजी. दोघं मागं रेलून ओढत होते. रखमाजीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. चादर ढिम्म.

"ओढ की रे! सकाळी जेवला न्हाईस का?" राधेश्याम धापा टाकत म्हणाले. मग साधनाकडे वळून हसले. "बघा मॅडम. माणूस थकंल, माल थकणार न्हाई."

राधेश्यामांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान होतं. मागाचा कारखानाही होता, पण माग बंद पडत चालले होते. जेलची ऑर्डर मिळाली तर ते पुन्हा सुरू होणार होते.

पास.

त्याच्याही आधी

साधना तुरुंग विभागाची वरिष्ठ खरेदी अधिकारी. कैद्याच्या अंगाखाली काय असावं आणि अंगावर काय, हे तिच्या सहीनं ठरायचं. ती कुणाकडून मिठाईचा पुडाही घेत नसे. तिला फक्त माल कळायचा. शेवटची चाचणी तिनं स्वतःच काढलेली होती. चादर गजाला बांधायची आणि एका धडधाकट माणसानं तिला लटकायचं. कापड बाजारात याला साधना मॅडमचा झोका म्हणत. झोका दिला आणि फाटली, तर माल परत.

तिनं पास केलेल्या चादरीची कधी तक्रार आली नव्हती.

काल आली. जेलमधून फोन होता. चादर फाटली, एवढंच. पण संध्याकाळपर्यंत वरच्या साहेबांनी खुलासा मागवला. साधनाच्या मालाची तक्रार म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती.

आज सकाळी भुजंग ती चादर पिशवीत घालून घेऊन आला. टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. साधनानं ती बोटाच्या टोकानं उचलून पाहिली. विरविरीत कापड. मधोमध आडवी फाटलेली. नमुना एक दाखवला आणि माल दुसराच दिला. मागची ऑर्डर घेतलेल्या व्यापाऱ्यानं तिला चक्क फसवलं होतं. संताप आणि लाज, दोन्ही एकदमच तिच्या कानापर्यंत चढले.

"ही चादर हाय का पापड?" राधेश्याम म्हणाले होते. "लोकांना शरम न्हाई राह्यली मॅडम. कैदी झाला म्हणून काय झालं, माणूसच हाय ना तो?"

साधनाला ते वाक्य पटलं होतं.

तिसरी चाचणी, पुन्हा

"भुजंग, लटका म्हटलं ना."

"न्हाई मॅडम."

"अरे घे की झोका," राधेश्याम म्हणाले. "पडलास तर दवाखान्याचा खर्चा माझा."

रखमाजी हसला. भुजंगनं चादरीचं टोक सोडून दिलं. हात पँटला पुसले, जसं काही लागलं होतं.

"ती टेबलावरची," तो म्हणाला, "अशीच बांधल्ती मॅडम. गजाला."

"कुणी?"

"बराकीतल्या पोरानं. तीर्थपुरीकडचा हाय. जामीन व्हईना, घरचंही कुणी येईना. काल पहाटं बाकीचे झोपेत असताना..." त्यानं मान हलवली. "वजन पडलं आन् फाटली. आपटला खाली. मी पळत गेल्तो. ढोपर फुटलं, बाकी काई न्हाई. जित्ता हाय. सकाळी मीच चहा दिला त्याला. साखर कमी हाय म्हणून बोंबलला माझ्यावर."

रखमाजीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, ते आवरायचं त्याला सुचलं नाही.

"मला हे कुणी सांगितलं नाही," साधना म्हणाली.

"स्टोअरवाल्यानं फोन केल्ता. सामान खराब झालं की तो कळवतो. चादर फाटली म्हणला. बराबरच हाय की."

साधनानं टेबलाची कड धरली. खिडकीतली चादर वाऱ्यानं किंचित हलत होती. तिच्या खालच्या रिकाम्या जागेकडे तिला बघवेना. आपल्या सहीच्या किती चादरी कुठल्या कुठल्या जेलमध्ये गेल्या, ते तिला आठवायचं नव्हतं. एकेक जेल आठवत गेलं.

"याआधी कुणी असं..." तिनं विचारलं.

भुजंगनं मान खाली घालूनच सांगितलं.

"केल्तं मॅडम. पण त्या चादरी फाटल्या न्हाईत. मंग तक्रार कशाची करायची?"

शेरा

राधेश्याम खिडकीपाशी गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं गजाची गाठ सोडली. गाठ पक्की बसली होती, सुटायला वेळ लागला. चादर घडी न करताच त्यांनी छातीशी धरली.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "आमची तर बिलकुल फाटली न्हाई."

साधनानं टेबलावरची फाटकी चादर पुढं ओढली. या वेळी पूर्ण तळहात ठेवला तिच्यावर. फाटलेल्या जागेवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात फिरवला.

"शेठ," ती म्हणाली, "फाटणारी दाखवा."