डोळा बघून घे

काशीबाईने काळा चष्मा काढून बर्फाच्या पेटीवर आपटला आणि पापलेटांवर पाणी मारायला घेतलं. उजवा डोळा लालभडक, त्यावर सायीसारखा पडदा. सकाळच्या गर्दीत, गिरगावच्या मासळी बाजारात, ज्याला दिसायचा त्याला तो दिसला.

"आई, घाला ना तो," शेजारी कोळंबी सोलत बसलेली सून, तेजस्वी, दबक्या आवाजात म्हणाली. "कुणी विचारलं तर मोतीबिंदू सांगायचं ठरलं होतं ना आपलं?"

"तुमचा ठरला होता."

कोळणीचा डोळा लाल झाला की सगळ्या बाजाराचं एकच निदान, डोळ्यात माशाचा खवला उडाला. काशीबाईनेही तेच धरून मेडिकलमधले थेंब घालत अख्खा पावसाळा काढला. डोळा निवळायचा, परत पेटायचा. समोरचं माणूस धुरकट दिसायला लागलं तेव्हा कुठे ती मोठ्या इस्पितळात गेली. तिथली डॉक्टरीण म्हणाली, टीबीचे जंतू अंगात दडून बसलेत आणि त्यांच्याशी झुंजताना डोळा आतून सुजतोय. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. डॉक्टरीण पुढे म्हणाली, छाती साफ आहे, तुमच्यापासून कुणाला लागण नाही. पण गोळ्या मध्येच सोडल्यात तर डोळा गमवाल.

गोळ्यांचं तिला काही वाटलं नाही. पण मुलगा आणि सून म्हणाले, गोळ्या संपेपर्यंत घरीच बसा, लोकांना कळलं तर बाजारातल्या आपल्या ओट्याकडे कुत्रंही फिरकणार नाही. हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. सासूच्या हातून आलेला ओटा सोडून तोंड लपवून बसायला तिने कुणाचं घोडं मारलं होतं? शेवटी काळा चष्मा लावून बसायचं, या त्यांच्या अटीवर ती बाजारात आली होती.

सरोजिनीताई आल्या. खोताच्या वाडीतल्या, लग्न होऊन आल्यापासून हिच्याचकडून मासे नेणाऱ्या. सवयीने त्यांनी एक पापलेट उचललं, कल्ला उघडला, माशाचा डोळा निरखला. मग मान वर केली आणि काशीबाईचा निरखला. पापलेट हळूच खाली ठेवलं.

"साथीचं आहे का गं काही?"

"टीबी हाय. डोल्यातला."

तेजस्वीचा हात कोळंबीवरच थांबला. पलीकडच्या ओट्यावरच्या दोघींनी कान टवकारले. सरोजिनीताईंनी ओढणी नाकाशी नेली.

"डोल्यातला कुनाला लागत नाय, डाक्टरनी सांगितलाय," काशीबाई म्हणाली. "तू पापलेटाचा डोला बघ ना ताई. माझा कशाला बघतेस? मी काय इकायला बसलेय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरोजिनीताई ओशाळल्या.

"तसं नाही गं. घरात नातवंडं आहेत ना," असं म्हणत त्यांनी पिशवी सावरली आणि पुढच्या ओट्याकडे वळल्या.

इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं. काशीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, गोळ्यांमुळे तेही केशरी. तिने ते बाहीला पुसलं, पांढऱ्या ब्लाउजवर डाग पडला. डाग बघून तिला जी चीड आली ती सरोजिनीताईंची नव्हती, टीबीचीही नव्हती. आपण रडलो याची होती.

ती ओट्यावर चढून उभी राहिली.

"ये गो बाय, ये. ताजा पापलेट, ताजी सुरमई. टीबीवाल्या काशीकडं ये, डोला बघून घे."

बाजार वळून बघायला लागला. एक हमाल डोक्यावरची पाटी सावरत जागीच थांबला. तेजस्वीने सासूचं लुगडं धरून ओढलं.

"आई, हळू बोला ना. लोक ऐकतायत."

"हलू बोलून मासली इकली का गो कुनी कधी?" काशीबाई म्हणाली आणि परत हाक दिली.